मास्तर वारले

घरात ती सगळ्यांत धाकटी, म्हणून तिला बारकी म्हणायला लागले आणि पन्नाशी जवळ आली तरी ते नाव काही सुटलं नाही. शहरात तिला या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. त्यामुळे बसमधून उतरल्यावर "बारके" अशी हाक ऐकू आली तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी आपल्या लेकीला बोलावतंय. मग तिनं वळून पाहिलं. दादा उभा होता. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, आणि कमरेवर हात ठेवून उभं राहायची ढब थेट बापाची.

"एवढंच सामान?" त्यानं विचारलं.

"एवढंच."

एक पत्र्याची पेटी, एक पिशवी आणि गोणपाटात बांधलेलं शिवणाचं हातमशीन. दादानं मशीन उचलून पाहिलं आणि वजनानं वाकला. "हे कशाला ओढत आणलंस? वहिनीचं आहे की घरात."

"हे माझं आहे," ती म्हणाली. दादानं ते खांद्यावर घेतलं आणि चालू लागला.

घर होतं तसंच होतं. पुढे दादाचं रंगांचं दुकान, मागे राहायच्या खोल्या, आणि दोन्हींच्या मधे एक पडदा, जो थिनरचा वास अडवण्यासाठी लावला होता आणि ज्यानं तो वास कधीच अडवला नव्हता. लहानपणी तिच्या वहीला, जेवणाला, केसांना, सगळ्याला तो वास असायचा. बाजूची अंधारी खोली, जिथं शिड्या आणि रिकामे डबे ठेवत, ती वहिनीनं अर्धी रिकामी करून ठेवली होती. एक खाट, खिडकीत एक आरसा, भिंतीवर खुंट्या. उरलेल्या अर्ध्या खोलीत डबे छतापर्यंत रचलेले. वहिनी ओशाळून म्हणाली, "वन्सं, हळूहळू काढून टाकू ते." वहिनीशी तिची ही पहिलीच भेट होती. दादाचं लग्न झालं तेव्हा हिला कुणी कळवलंही नव्हतं.

ती का गेली होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि जे माहीत होतं ते चुकीचं होतं.

खरं झालं होतं ते असं. ती विशीत असताना समोरच्या घरातल्या मुलीशी तिचं जुळलं होतं. दोघी एकत्र शिवण शिकायच्या, एकमेकींच्या घरी जेवायच्या, कुणाला त्यात वावगं वाटायचं कारण नव्हतं. एका दुपारी त्या मुलीच्या काकूनं दोघींना माळ्यावर, गाद्यांच्या ढिगाऱ्याआड पाहिलं. बापानं हिला रंग ढवळायच्या काठीनं मारलं. मारताना एक शब्द बोलला नाही, कारण जे घडलं होतं त्याला कोणता शब्द वापरायचा हेच त्याला माहीत नव्हतं. त्यानंतर आठवड्याच्या आत ती शहरात निघून गेली. मग आईनंच चार घरी सांगितलं की पोरगी कुणा माणसाच्या नादी लागून गेली. हे लोकांना समजण्यासारखं होतं. त्यावर चार दिवस चघळता येत होतं, हळहळता येत होतं, आणि मग विसरताही येत होतं. समोरच्या मुलीचं तडकाफडकी लग्न झालं, गावातल्या गावातच, आणि काकूच्या तोंडाला कुलूप लागलं.

शहरात बारकी एका शिलाई मशीनच्या दुरुस्तीच्या दुकानात लागली. आधी तेल घालणं आणि पुसणं, मग पट्टे बदलणं, मग हळूहळू सगळंच. कपड्यांच्या कारखान्यांतून बोलावणी यायची. अशाच एका कारखान्यात तिला मास्तर भेटली.

ती कारखान्यातली कटिंग मास्तर होती, कापड बेतून कापणारी. हे काम सहसा पुरुषांचं, पण तिचा हात असा बसलेला होता की मालकानं तिला ठेवली, आणि सगळे पुरुषांना म्हणतात तसंच तिलाही मास्तर म्हणायला लागले. गळ्यात टेप, कानामागे खडू, आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी ती बारकीवर खेकसली, "मशीन दुरुस्त करायला आलीस की कुशीत घेऊन झोपवायला?" बारकीला हसू आवरलं नाही. पुढे दोघी गल्लीतल्या दोन खोल्यांत राहायला लागल्या आणि राहातच गेल्या. शेजारी म्हणायचे, बहिणी असतील. कुणी म्हणायचे, मैत्रिणी. दोघींनी कुणाला दुरुस्त केलं नाही.

बाप वारल्यावर बारकी दादाच्या दुकानात अधूनमधून फोन करू लागली. आई फोनवर यायची, कानानं कमी ऐकू येतं म्हणून मोठ्यानं बोलायची. हिच्या बोलण्यात मास्तरचा उल्लेख यायचाच. मास्तरला ताप आहे. मास्तरला तिखट चालत नाही. मास्तरचा निरोप आहे, तब्येत सांभाळा. या वाक्यांत बाई की पुरुष हे कळायला जागाच नव्हती. आईनं आपल्या परीनं ते ठरवून टाकलं आणि मनोमन देवाचे आभार मानले.

मास्तर कारखान्यात, टेबलापाशी उभी असताना गेली. बारकी पोचली तेव्हा तिला दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या माणसानं विचारलं, "तुम्ही कोण?" हिनं सांगितलं, "आम्ही एकत्र राहतो." तो म्हणाला, "नात्यातलं कुणी बोलवा." मास्तरचा भाचा आला. भला मुलगा होता, आवाज चढवला नाही की काही नाही. त्यानं सगळं उरकलं, आणि नंतर बारकीला अदबीनं सांगितलं की खोल्या आत्याच्या नावावर होत्या, तेव्हा आता त्या रिकाम्या कराव्या लागतील, घाई नाही, महिनाअखेरपर्यंत चालेल. ती वाद घालत बसली नाही. तसं करायचं कशाच्या जोरावर, हेही तिला कळत नव्हतं. तिनं दादाला फोन केला. दादा म्हणाला, "आई विचारत असते. ये."

अशी ती आली.

सुरुवातीचे दिवस ती नुसती वावरत होती. भांडी घासायची, आईचे पाय चेपायची, दुकानातले डबे पुसायची. रडू येत नव्हतं. येईल तरी कुठे. खोलीची भिंत पातळ आणि पलीकडे दादाच्या दोन मुली झोपायच्या. मग वहिनीचं मशीन अडलं आणि बारकीनं ते उघडून साफ करून दिलं. शेजारणीनं तिचं आणलं. तिच्या नणंदेनं आणलं. थोड्याच दिवसांत डब्यांच्या ढिगाऱ्यापुढे मशिनींची रांग लागली आणि गावातली पोरं तिला मशीनवाली आत्या म्हणायला लागली. हात कामात असले की डोकं जरा थंड राहायचं.

एका दुपारी ती आईच्या खाटेपाशी बसून बॉबिनच्या खोबणीतला दोऱ्याचा गुंता सुईनं काढत होती. आई कुशीवर होती. तिला वाटलं, झोप लागली असेल. पण आईनं एकदम विचारलं, "त्या माणसाचं काय झालं? त्यानं टाकलं का तुला?"

"कुठल्या माणसाचं?"

"आता मला शिकवू नकोस. तुझ्या मास्तरांचं."

बारकीच्या हातातली सुई थांबली. खरं काय ते सांगायचं, निदान तोंड उघडायचं, असं तिच्या मनात आलं असेल किंवा नसेल. आई मान वर करून बघत होती आणि तिच्या डोळ्यांत काळजी होती. एवढ्या वर्षांत या बाईनं तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. बारकी म्हणाली, "मास्तर वारले."

वारले. एवढंच. एका अक्षरानं तिनं मास्तरला पुरुष केलं.

आई उठून बसली. तिनं हिचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवू लागली. "अगं, मग बोलली का नाहीस? एवढं मोठं दुःख पोटात घेऊन भांडी घासत बसलीस?" आणि बारकीला जे रडू फुटलं ते थांबेना. वहिनी धावत आली. आईनं तिला हळू आवाजात सांगितलं, पण आईचा हळू आवाज पडद्यापलीकडे दुकानापर्यंत जायचा. दादाही आत आला, दारात उभा राहिला, आणि गिऱ्हाईक वाट बघतंय हे विसरून बराच वेळ तिथंच उभा राहिला.

"लग्न केलं होतंत का?" आईनं नंतर विचारलं.

"नाही. तसेच राहायचो."

"असू दे. एवढी वर्षं राहिलात म्हणजे लग्नच ते."

दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. वहिनीनं अर्ध्या खोलीतले डबे स्वतः उचलून मागच्या पडवीत नेले. दादानं खिडकीला नवीन काच बसवली. शेजारपाजारच्या बायका येऊन बसू लागल्या. गावानं तिला माफ करून टाकलं होतं. पळून गेली तर गेली, पण एकाशीच नेटानं राहिली आणि आता बिचारी एकटी पडली, असं सगळ्यांचं मत झालं.

आणि बारकी बोलू लागली. मास्तर गेल्यापासून तिला मास्तरबद्दल कुणाशी बोलायला मिळालं नव्हतं. 'आम्ही' हा शब्द फार सोयीचा होता. आम्ही सुट्टीच्या दिवशी तलावावर जायचो. आम्ही एकदा छत्रीवरून भांडलो आणि भिजत घरी आलो. पण आम्हीवर किती भागणार. मग "मास्तर म्हणायचे" सुरू झालं. मास्तर चहात साखर घालून वर विचारायचे, साखर घातली का. मास्तर कापडाला हात लावला की सांगायचे, धुतल्यावर किती आटेल. बायका हसायच्या. आई तर पोट धरून हसायची. एकदा वहिनीनं विचारलं, "वन्सं, दिसायला कसे होते हो? मिशा होत्या?"

"नव्हत्या."

"रोज दाढी करायचे?"

बारकी क्षणभर अडखळली. मग म्हणाली, "हो. सकाळी उठल्या उठल्या."

ते बोलून ती खोलीत आली आणि बराच वेळ खाटेवर बसून राहिली.

गावात मुलींसाठी एक शिवणवर्ग होता. तिथल्या मशिनी बऱ्याच दिवसांच्या नादुरुस्त पडल्या होत्या, म्हणून तिला बोलावणं आलं. वर्ग चालवणाऱ्या बाई म्हणजे तीच, समोरच्या घरातली मुलगी. हे बारकीला माहीत होतं. जाऊ की नको असं करत ती गेली. बाईंचे केस घट्ट बांधलेले, चष्म्याला साखळी, अंग भरलेलं. मुलींसमोर बाई म्हणाल्या, "या. तुमचं नाव ऐकलंय. या तीन मशिनी चालत नाहीत, आणि ती कोपऱ्यातली दोरा तोडते." जिच्या केसांतून हिनं रात्र रात्र बोटं फिरवली होती तिच्या तोंडून 'तुम्ही' ऐकताना बारकीला कसंसंच झालं. तिनं मान खाली घालून हत्यारं काढली.

मुली गेल्यावर बाईंनी दार लोटलं. तरीही जवळ आल्या नाहीत. कपाटाला टेकून उभ्या राहिल्या.

"कशी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"मला सून आली आता." जणू त्यात सगळं आलं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तो मास्तर. खरंच पुरुष होता?"

बारकीनं वर पाहिलं. सगळ्या गावाशी ती खोटं बोलली होती, पण हिच्याशी खोटं बोलायची तिची तयारी नव्हती. "नाही," ती म्हणाली.

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. चष्म्याची साखळी बोटाला गुंडाळत होत्या. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "चांगली होती?"

"होती."

"मग राहू दे तसंच. पुरुषच राहू दे तिला. तुझं खरं बाहेर आलं ना, तर लोक मागचं उकरून काढतील. काकू अजून जिवंत आहे. तुझं काय, तू परत जाशील. मी कुठे जाऊ?"

"मला जायला जागा असती तर मी इथे आले असते का?" बारकी म्हणाली. बाईंनी कपाटाला कुलूप घातलं. जाताना हिच्या खांद्याला हात लावला, निसटता, रस्त्यात धक्का लागावा तसा.

त्यानंतर ती गप्पच राहिली असती, अगदी आयुष्यभर. दोन गोष्टी घडल्या म्हणून राहिली नाही.

एक तर आईनं फोटोचा धोसरा धरला. "जावयाचा एखादा फोटो असेल ना तुझ्याकडे? दे की. मोठा करून घेऊ, तुझ्या बापाशेजारी लावू. त्या माणसानं माझ्या पोरीला सांभाळलं, त्याला भिंतीवर एवढी जागा नको?" बारकी आज देते, उद्या देते करत राहिली. फोटो पेटीत होता. टेबलाला टेकलेली मास्तर, गळ्यात टेप, तोंड हसताना अर्धवट उघडं, दात पुढे आलेले.

दुसरी गोष्ट अशी की एकदा मशीनला तेल घालताना तिला मास्तरचं नेहमीचं एक वाक्य आठवलं, आणि ते ज्या आवाजात आठवलं तो आवाज मास्तरचा नव्हता. जाड, भरड, एका दाढी करणाऱ्या माणसाचा होता. तिनं पुन्हा आठवून पाहिलं. पुन्हा तोच. ज्या माणसाला तिनं बायकांच्या घोळक्यात बसून तयार केलं होतं, तो आता मास्तरच्या जागेवर येऊन बसत होता. मास्तरला भाच्यानं नेलं, खोल्या गेल्या, कपडे गेले. आता आवाजही जाणार आणि तो तिनं स्वतःच्या तोंडानं घालवलेला असणार.

ती पेटी उघडून फोटो घेऊन आईकडे गेली. आई खाटेवर बसली होती, खाली वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. वहिनी उठून जाईपर्यंत थांबावं असं तिला वाटलं, पण थांबली तर धीर सुटेल हेही तिला माहीत होतं. तिनं फोटो आईच्या हातात दिला.

आईनं तो उजेडाकडे धरला. "ही कोण? त्यांची बहीण का?"

"मास्तर आहे ती."

वहिनीच्या हातातली घडी तशीच राहिली.

"म्हणजे?" आई म्हणाली.

"म्हणजे मास्तर ही होती. हिच्याबरोबर राहात होते मी. दुसरं कुणी नव्हतं, आई."

आई बघत राहिली. फोटोकडे, मग हिच्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. राग आला असता तर बारकीला बरं वाटलं असतं. तिनं त्याची तयारी केली होती. पण आईचा चेहरा हळूहळू विझत गेला. इतकी वर्षं जपलेली एक समजूत होती, की पोरगी शेवटी सुधारली, वाटेवर आली. ती तिच्या डोळ्यांदेखत चालली होती. तिनं फोटो पांघरुणावर उपडा ठेवला आणि म्हणाली, "मला नीट दिसत नाही. चष्मा नाही माझा." चष्मा तिच्या नाकावरच होता.

मग ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

संध्याकाळी दादानं तिला दुकानात बोलावलं. तो एका डब्यात रंग मिसळत होता, ढवळता ढवळताच बोलला. "तू हे सांगायला नको होतंस."

"आई फोटो मागत होती."

"हरवला म्हणायचं. जळाला म्हणायचं. काहीही म्हणता आलं असतं." त्यानं काठी डब्याच्या काठावर ठोकली. "मला काय माहीत नव्हतं? बापानं तुला मारलं तेव्हा मी घरातच होतो. मला वाटलं, आता ही शहाणी झाली, निदान तसं दाखवते तरी आहे. बाहेर लोकांत जे चाललंय ते तसंच चालू दे. मास्तर वारले, संपलं. माझ्या दोन मुली आहेत."

"आणि घरात?"

"घरात तो विषयच नको."

झालंही तसंच. बाहेर तिचं दुःख चालू राहिलं आणि घरात बंद झालं. रस्त्यात कुणी भेटली की म्हणायची, "मास्तरांची आठवण येत असेल, नाही?" आणि ही म्हणायची, "येते." घरी आल्यावर कुणी काही विचारत नसे. दुसऱ्याच दिवशी सकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो वहिनीनं तिच्या खाटेवर आणून ठेवला होता. वहिनी वाईट बाई नव्हती. ताट वाढायची, गरम वाढायची. पण दादाची धाकटी मुलगी आत्याच्या खोलीत मशीन बघायला येऊन बसायची, तिला आता सारखी कसल्या ना कसल्या कामाला हाक यायची. काही दिवसांनी ती यायचीच बंद झाली.

शिवणवर्गाच्या मशिनी दुरुस्तीला दुसऱ्या गावचा माणूस येऊ लागला. बाईंना कुणी काही सांगितलं की त्यांनीच ओळखलं, हे बारकीला कधी कळलं नाही. एकदा बाजारात दोघी समोरासमोर आल्या. बाई सुनेला भाजीचा भाव सांगत सांगत पुढे निघून गेल्या.

आई त्यानंतर फार बोलत नव्हती. थंडीत तिला खोकला धरला आणि ती खाटेला खिळली. तिचं सगळं बारकीच करायची, आई करूही द्यायची. फक्त बघायची नाही. एका दुपारी बारकी तिचे केस विंचरत होती. उरलेत किती, बोटभर वेणी. आई भिंतीकडे तोंड करून होती. तशीच म्हणाली, "कशानं गेली?"

बारकीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कंगवा केसांतच राहिला.

"हृदय बंद पडलं. कापड कापत होती. कात्री हातातच होती."

आईनं थोडा विचार केला. "कापड फुकट गेलं असेल."

"गेलं. एकावर एक रचलेल्या कापडाचा अख्खा थर वाया गेला."

"तुझ्याशी बरी वागायची?"

"वागायची. भांडायचीही."

"भांडणारच," आई म्हणाली. "तू कमी आहेस का?" मग तिला खोकल्याची उबळ आली, बारकीनं पाणी दिलं, आणि ते बोलणं तिथंच राहिलं. पुढे बारकीनं दोनदा काढून पाहिलं. आईनं दोन्ही वेळा डोळे मिटून घेतले. थंडी सरता सरता आई गेली.

आईसाठी माणसं आली, बसली, रडली. बारकीलाही सगळ्यांच्या बरोबरीनं रडता आलं, कुणी तिला तुम्ही कोण म्हणून विचारलं नाही. बायका एकमेकींना सांगत होत्या, आधी नवरा गेला आता आई, काय नशीब. वहिनी जवळच होती. तिनं मान फिरवली.

निघून जा असं कुणी म्हटलं नाही. दादाच्या थोरलीला स्थळं यायला लागली. दादा म्हणाला, लोक येतील-जातील, खोली लागेल, तू काही दिवस दुसरीकडे कुठे सोय बघतेस का. काही दिवस म्हणजे किती, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. बाजारामागे सायकलवाल्याच्या दुकानावर एक खोली मिळाली. दादानं स्वतः भिंतींना रंग लावून दिला, दोन हात, एकही डाग न पाडता. त्या दिवसभरात भाऊ-बहिणीत जेवढं बोलणं झालं ते सगळं रंगाबद्दल.

तिथं ती अजून आहे. काम बऱ्यापैकी मिळतं. खाली टायरच्या नळ्या पाण्यात बुडवल्याचा आवाज, वर मशिनीचा. फोटो तिनं भिंतीला लावला आहे. गिऱ्हाईक विचारतं, "या कोण?" ती सांगते, "माझी मास्तर." लोकांना वाटतं, वारलेले मास्तर वेगळे, या बाईंनी हिला काम शिकवलं असेल. ते आदरानं मान डोलावतात. ती त्यांना मशीन चालवून दाखवते आणि पुढचं बोलणं टाळते.

वहिनी एकदा आली. हातात मशीन, घामाघूम. म्हणाली, "टाका नीट पडत नाही, वन्सं." बारकीनं चिंधी घालून चालवून पाहिलं. टाका सरळ पडत होता. तरी तिनं मशीन उघडलं, आतला धुरळा काढला, तेल दिलं आणि पुन्हा बसवलं. वहिनी खाटेच्या कडेला बसून बघत होती. भिंतीवरच्या फोटोकडे तिची नजर गेली, परतली, पुन्हा गेली. बारकीनं चहा केला. वहिनीनं तो बशीत ओतून प्यायला.

"दात पुढे आहेत," वहिनी शेवटी म्हणाली.

"हो. हसली की आणखी दिसायचे."

वहिनीनं कप खाली ठेवला. मग पदरानं तोंड पुसून उठली, मशीन उचललं आणि जिना उतरून गेली. पुढच्या महिन्यातही आली. मग थोरलीचं ठरलं, सासरची माणसं बाजारापलीकडेच राहणारी निघाली, आणि वहिनीचं मशीन पुन्हा बिघडलं नाही.